रसायनशास्त्रासाठी आयबीएमचा क्वांटम संगणक: फुकटच्या 10 मिनिटांचं काय करावं?

आयबीएमने 2016 मध्ये 5 क्यूबिट्सचा (क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकातला बिट) क्वांटम संगणक इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला केला. आज फुकट योजनेत 100 हून जास्त क्यूबिट्सची यंत्रं मिळतात, पण दर 28 दिवसांत फक्त 10 मिनिटं. रेणूची ऊर्जा काढायला ती पुरतात, मात्र पूर्वतयारी लॅपटॉपवर झालेली हवी.

हायड्रोजनचा रेणू घ्या. दोन अणूंमधलं अंतर 0.735 अँगस्ट्रॉम, बेसिस (इलेक्ट्रॉनांच्या कक्षा मांडायचा फलनसंच) एसटीओ-3जी. पॅरिटी मॅपिंग (इलेक्ट्रॉनांचं गणित क्यूबिट्सवर बसवायची एक पद्धत) केलं की 4 ऐवजी 2 क्यूबिट्समध्ये काम भागतं. (लॅपटॉपवर ही आकडेमोड करणारी पायथन लायब्ररी पायएससीएफ विंडोजवर थेट चालत नाही, डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमधलं लिनक्स, लागतं.) व्हीक्यूईमध्ये (किमान ऊर्जा शोधायची पद्धत) सर्किटचे पॅरामीटर बदलत शेकडो वेळा ऊर्जा मोजावी लागते आणि फुकट योजनेत सेशन (यंत्र सलग राखून ठेवायची सोय) मिळत नाही, त्यामुळे प्रत्येक फेरी पुन्हा रांगेत उभी राहते. म्हणून योग्य पॅरामीटर लॅपटॉपवरच्या एअर (Aer) सिम्युलेटरवर शोधा आणि यंत्राकडे शेवटची मोजणी तेवढी पाठवा.

पाठवण्याआधी सर्किट त्या यंत्रासाठी ट्रान्सपाइल करावंच लागतं, म्हणजे यंत्राच्या गेट्स आणि क्यूबिट्सवर बसवावं लागतं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे हॅमिल्टोनियनला (रेणूच्या ऊर्जेचं गणिती रूप) अप्लाय-लेआउट न लावणं, म्हणजे तोही यंत्राच्या क्यूबिट्सवर न बसवणं. सर्किट यंत्राएवढं मोठं होतं, हॅमिल्टोनियन 2 क्यूबिट्सचाच राहतो आणि जॉब नाकारला जातो.

खरी मेख अचूकतेत आहे. एस्टिमेटरमध्ये (ऊर्जेची सरासरी मोजून देणारं आयबीएमचं साधन) प्रिसिजनची, म्हणजे अपेक्षित अचूकतेची, मूळ सेटिंग 0.015625, म्हणजे 4096 शॉट्स (सर्किट तितक्या वेळा चालवून मोजणं). या रेणूसाठी तेवढ्या शॉट्समध्ये यंत्र निर्दोष असलं तरी निव्वळ सांख्यिकी चूक सुमारे 4 मिलिहार्ट्री येते (हार्ट्री हे अणुपातळीवरच्या ऊर्जेचं एकक). रसायनशास्त्राला ती 1.6 मिलिहार्ट्रीच्या आत हवी. प्रिसिजन 0.006 ठेवा: सुमारे 28,000 शॉट्स होतात. मोजणीचे गट (एकत्र मोजता येणाऱ्या पदांचे) दोनच आहेत आणि दोन शॉट्समधला थांबा 250 मायक्रोसेकंद धरला, तर हे साधारण 14 सेकंदांचं काम. चूक निम्मी करायची तर शॉट्स चौपट, हा हिशेब मोठ्या रेणूंना फार महाग पडतो.

उत्तर -1.857 च्या आसपास आलं तर गोंधळू नका, त्यात केंद्रकांमधलं प्रतिकर्षण, 0.720 हार्ट्री, मिळवायचं राहिलंय. एकूण ऊर्जा -1.137 यायला हवी. हार्ट्री-फॉकचं (इलेक्ट्रॉनांचा परस्परसंबंध न धरणाऱ्या सोप्या पद्धतीचं) उत्तर -1.117 आहे. यंत्राचा आकडा त्याच्याही वर गेला, तर इलेक्ट्रॉनांचा परस्परसंबंध गोंगाटात बुडाला असं समजा. अशा वेळी एस्टिमेटरची रेझिलियन्स पातळी (चुका कमी करण्याची सेटिंग) 1 वरून 2 करून पाहा. गेटच्या चुका त्याने कमी होतात, पण वेळ जास्त खर्च होतो आणि विचलनही वाढतं.

हायड्रोजनचं अचूक उत्तर लॅपटॉप क्षणात देतो, त्यामुळे नव्या संशोधनासाठी ही 10 मिनिटं नाहीत. पण एमएस्सीच्या वर्गात हार्ट्री-फॉकच्या पुढची ती 20 मिलिहार्ट्री खऱ्या यंत्रावर मोजून दाखवायला याहून स्वस्त साधन मिळणार नाही. तेवढ्यासाठी खातं जरूर उघडा.