हद्दीतला प्लॉट की हद्दीबाहेरचा? आधी पावसाचं पाणी कुठे जातं ते बघा

आपल्याकडे प्लॉट बघायला लोक एप्रिल-मे महिन्यात निघतात. तेव्हा जमीन ठणठणीत कोरडी आणि नाला म्हणजे बाभळींची एक रांग. माझं काम लेआउटचे, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडण्याचे, नकाशे काढण्याचं. येणारा प्रत्येक जण दर विचारतो, बोअरला पाणी किती फुटांवर लागेल ते विचारतो. पण ‘पानी कथा जास?’, म्हणजे आपल्या अहिराणीत ‘पाणी कुठे जातं?’, हे क्वचितच कोणी विचारतो.

जळगाव-धुळ्यात हल्ली बहुतेकांपुढे दोनच पर्याय असतात: महापालिका हद्दीतला महाग प्लॉट किंवा हद्द ओलांडली की मिळणारा स्वस्त एनए (बिगरशेती) प्लॉट. हद्दीबाहेर नियम सैल, असा एक समज आहे. पण डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि मोजके अपवाद सोडले तर राज्यभर एकच एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आहे. नकाशावर दाखवलेल्या नाल्याच्या काठापासून 9 मीटर आणि नदीच्या काठापासून 15 मीटर बांधकाम नको, हे दोन्हीकडे सारखंच. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, नवं बांधकाम बंद. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे अटी घालून परवानगी. लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ऑगस्ट 2021 अखेरीस तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला तेव्हा चाळीसगावकरांनी या रेषांचा अर्थ एका रात्रीत शिकून घेतला.

फरक आहे तो नियम कोण राबवतं यात. हद्दीत फाइल महापालिकेच्या नगररचना विभागाकडे जाते. बाहेर मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची आणि छाननी नगररचना शाखा कार्यालयाची. पूररेषेचा प्रश्न आला की दोन्हीकडे जलसंपदा विभागाच्या दारात जावं लागतं. लेआउट आधी तात्पुरता मंजूर होतो. मग भूमी अभिलेखची मोजणी, रस्ते, गटारी आणि त्यानंतर अंतिम मंजुरी. तात्पुरत्या मंजुरीवर प्लॉट विकायला निघालेला माणूस भेटला, तर गटारी कुठवर आल्या एवढंच विचारा. कायद्यात 60 दिवसांत उत्तर न आल्यास मानीव परवानगीची, म्हणजे परवानगी मिळाली असं धरण्याची, सोय आहे, पण नकाशा नियमात बसत नसेल तर तिचा काही उपयोग नाही.

मला खरी भीती वाटते ती अंतिम मंजुरीनंतरची. हद्दीतली गटार तुंबते, तिच्यात सांडपाणी सोडलेलं असतं, रस्ता दर खेपेला काँक्रीटचा थर चढून जोत्याच्या वर जातो. हे सगळं खरं, पण भांडायला निदान एक खिडकी असते. बाहेर लेआउटच्या गटारी ग्रामपंचायतीच्या गळ्यात पडतात आणि शेवटची गटार बऱ्याचदा कोणाच्या तरी कपाशीत संपते. तो शेतकरी एका पावसाळ्यात बांध घालतो. चूक त्याची नाही.

माझ्या मावसभावाचा प्लॉट असाच. सातबारावर पोटखराब ‘ब’ म्हणून (नाला, रस्ता अशा सार्वजनिक वापराची, लागवडीबाहेरची जमीन) चार गुंठे होते, गावनकाशावर ओघळीची बारीक रेघ होती. मूळ मालकाने ती वर्षानुवर्षं नांगरून सपाट केलेली. लेआउट टाकणाऱ्याने पाहिलं नाही, की पाहून सोडलं, कोण जाणे. पहिल्याच जुलैत पाण्याने जुनी वाट शोधली आणि पोळ्यापर्यंत त्याच्या अंगणात बेडूक होते.

जमिनीचाही प्रश्न आहेच. 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर पाऊसपाणी संकलन सक्तीचं आहे, म्हणजे तुमच्या दीडशे मीटरच्या प्लॉटला ते लागू नाही. पण लेआउटच्या ओपन स्पेसमधे ते असायला हवं. तापीकाठच्या काळ्या मातीत चार फुटांचा शोषखड्डा म्हणजे नुसतं डबकं, तो मुरुमापर्यंत किंवा वाळूच्या थरापर्यंत न्यावा लागतो. धुळे-साक्रीकडे खडक वर असतो, तिथे बोअरलगत गाळणखड्डा करून पुनर्भरण जास्त चालतं. शंभर चौरस मीटर छतावर 700 मिलिमीटर पाऊस म्हणजे 70 हजार लिटर. मोजमाप डोक्यात असू द्या, कारण हे पाणी तुम्ही मुरवलं नाही तर ते शेजाऱ्याकडेच जाणार.

माझं मत विचाराल तर जागा उंचवट्यावर, मुरमाड आणि गटार खऱ्या नाल्याला मिळालेली असेल तर मी बाहेरचा प्लॉट घेईन. काळी सपाट जमीन असेल तर हद्दीतला, मग तो लहान का असेना. इसार देण्याआधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढा, सातबाराचा पोटखराब रकाना वाचा. आणि जमलं तर सौदा ऑगस्टपर्यंत लांबवा. मोठी सर येऊन गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी, गमबूट घालून, लेआउटच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहा.