‘पुढची रान’ म्हणणाऱ्या खाटकाला मी 40,498 रुपये दिले

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मी बेळगावातला खाटीक, तिसऱ्या पिढीतला, आणि फसलो तो मटणाच्या दुकानाच्या व्यवहारात. तेही असल्या दुकानाच्या, की ज्याला ना भिंत, ना छप्पर, ना महापालिकेचं लायसन.

रात्री शटर ओढलं, सत्तूर धुतला, आंघोळ झाली की मी, निपाणीचा मावसभाऊ आणि माझा पुतण्या असे तिघे एका ऑनलाइन गावात जातो. राक्षस-चेटक्यांचं गाव. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि त्या पात्रासारखं बोलायचं, वागायचं. बाकीची पोरं जादूगार होतात, लांब कानाचे एल्फ होतात, ढालतलवार घेऊन भुयारात शिरतात. आम्ही तिथंही मटणाचं दुकानच टाकलं. मावसभाऊ शिकार आणतो, मी कापतो, पुतण्या गल्ल्यावर. रानडुक्कर, हरीण, कधी मिळालीच तर ड्रॅगनची शेपटी. भुयारात जाणाऱ्या टोळ्या वाळवलेलं मांस आमच्याकडूनच न्यायच्या. बाकीचे लिहितात, ‘कुऱ्हाडीने दोन तुकडे केले.’ मी लिहितो सांधा बोटानं कसा चाचपायचा, सुरीचं टोक कुठं घातलं की हाड न फोडता पाय सुटून हातात येतो, चिंचेच्या ठोकळ्यावर मीठ का चोळायचं. लोक ते वाचायला दुकानात येऊन उभे राहायचे. अडीच वर्षं असं चाललं होतं. या वयात गेम खेळतो म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एवढंच सांगतो की मी पत्ते कुटत नाही, बाटली लावत नाही. आणि यात पैसे लावायचे नसतात. ही रमी नव्हे.

आमचं तिथलं दुकान गल्लीत होतं. गावाच्या चौकात, विहिरीला लागून एक जुनं दुकान होतं. मोठा गाळा, मागं खारवायची खोली. मालक सहा महिने दिसला नव्हता. 2025 च्या श्रावणात, म्हणजे आमच्या खऱ्या दुकानात माश्या मारायच्या दिवसांत, एक बुटका लोहार माझ्या ओळखीचा झाला. दोन-तीन रात्री गप्पा मारल्यावर म्हणाला, “दादा, तुम्ही खरंच खाटीक आहात ना? लिहिण्यावरून कळतं. आमचंही मिरजेला दुकान आहे, आजोबांपासून.”

झालं. इथंच मी गेलो. तो एल्फ असता, राजपुत्र असता, तर मी दहा प्रश्न विचारले असते. धंद्याचा माणूस म्हटल्यावर एकही विचारला नाही. श्रावणातली मंदी, बोकडांचे चढलेले भाव, फुकट वजडी मागणारी गिऱ्हाइकं, सगळं त्याच्यापाशी ओकलो. त्यानं सांगितलं की चौकातला गाळा त्याच्या मित्राचा आहे, मित्र आता खेळत नाही, गाळा विकायचा आहे. एका एल्फ बाईनं साक्ष दिली की हो, मी ओळखते दोघांना. ती एल्फ म्हणजे हाच बाबा, दुसऱ्या खात्यावरून. तिसऱ्या माणसानं ग्वाही दिली तर त्याच्याशी आवाजात बोला. एका तोंडाला दोन आवाज सहजासहजी येत नाहीत.

आता पैसे. 11 ऑगस्ट 2025, सोमवार: इसार 5,000. 13 तारखेला गाळ्याचे म्हणून 8,500. 14 ला ‘नाव चढवायचे’ 4,999. 16 ला 12,000, का तर गावच्या कारभाऱ्यांकडे डिपॉझिट, आठवड्यात परत. एका दमात तीस हजार मागितले असते तर मी शिवी हासडली असती. असं हप्त्यानं मागितलं की प्रत्येक वेळी वाटतं, एवढं दिलंय, थोडक्यासाठी कशाला अडवायचं.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की अजून रात्री उठून बसतो. 12 तारखेची रात्र. फक्त इसार गेला होता. बोलता बोलता त्यानं लिहिलं, “आज एका गिऱ्हाइकाला पुढची रान दिली, दोन किलो भरली.” पुढची रान! अहो, रान म्हणजे मागची मांडी. पुढं असतो तो खांदा. हे खाटकाच्या घरातलं पाच वर्षांचं पोरगं सांगेल. आमच्या आप्पांनी मला पहिली थोबाडीत मारली ती याच चुकीसाठी, गिऱ्हाइकासमोर. आणि मी काय केलं? हसलो. “अरे, पुढचा खांदा रे,” असं लिहून त्यालाच शिकवलं. तो म्हणाला, “हो दादा, झोपेत आहे.” मीही म्हटलं, असेल, दमला असेल. सव्वीस वर्षं सत्तूर चालवणारा माणूस मी. बाजारात बोकडाच्या पाठीवरून हात फिरवून वजन सांगतो. आणि पुढची रान गिळून बसलो! तिथं थांबलो असतो तर 5,000 वर सुटलो असतो. पुढचे 35,498 हे त्या एका शब्दाचे.

दुसरी खूण तर स्क्रीनवर होती. पैसे पाठवताना नाव आलं ते कुठल्याशा बाईचं. त्यानं सांगितलं, वहिनीचं खातं. माझंही दुकानाचं खातं बायकोच्या नावावर आहे, म्हणून पटलं. पटवून घ्यायचंच ठरवलं की सगळं पटतं.

गाळ्याची किल्ली मिळाली बरं का. दोन रात्री चौकात दुकान थाटलं, पुतण्यानं पाटी रंगवली. तिसऱ्या रात्री मूळ मालक हजर. परीक्षा संपवून परतलेला पोरगा. किल्लीची नक्कल झाली होती, गाळा विकला कुणी नव्हताच. भर चौकात, राक्षस आणि बुटके गोल करून बघताहेत, आणि मी घुसखोर. गाव चालवणाऱ्यांनी माझ्या पात्राला सात दिवस कोठडीत टाकलं. मी पैशाचं सांगितलं तर म्हणाले, खऱ्या पैशाचा व्यवहार नियमात बसत नाही, तुम्हीच नियम मोडलात. नियम आहे, कबूल. पण अशी देवघेव तिथं निम्मी पोरं करतात आणि यांना ठाऊक असतं.

एवढ्यावर शहाणा झालो असतो तरी चाललं असतं. 21 तारखेला रात्री त्या लोहाराचा मेसेज आला: “दादा, माझीही फसवणूक झाली, डिपॉझिट तरी परत करतो.” सोबत क्यूआर. स्कॅन करून पिन टाकला, आणि गेले 9,999. आमच्या गल्ल्यावर क्यूआरचा फलक आहे. तो डबा दिवसभर पैसे मिळाल्याचं ओरडत असतो. पैसे घेताना मी आजवर एकदाही पिन टाकलेला नाही. घेताना पिन लागत नाही. हे मला माहीत होतं. ज्यांना माहीत नाही त्यांनी भिंतीवर लिहून ठेवा.

एकूण 40,498. आमच्या 760 च्या भावानं 53 किलोंच्या वर मटण.

घरी सांगायची लाज वाटली. त्यात चार दिवस गेले. 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला तो 25 तारखेला, आणि तोवर त्या खात्यात 2,310 उरले होते, तेवढे गोठवले. पहिल्या तासातच लावायचा असतो हा नंबर. बायकोची बोलणी नंतर खा.

मग पोलीस ठाणं. दोन दिवसांवर गणपती, सगळे बंदोबस्ताच्या गडबडीत. टेबलापलीकडच्या साहेबांनी विचारलं, “अंगडी एल्ली ऐत्री?” दुकान कुठं आहे? मी म्हटलं, गेममध्ये. त्यांनी पेन खाली ठेवलं. शेजारचा म्हणाला, ऑनलाइन गेमवर आता बंदी आली, पेपरात वाचलं नाही का, उलट तुमच्यावरच केस होईल. अहो, ऑगस्टमधला तो कायदा पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे. मी काय पैज लावली होती? माणसानं खोटं सांगून पैसे उकळले, ही साधी फसवणूक. भारतीय न्याय संहितेत 318 कलम आहे, आयटी कायद्यात 66 डी आहे. हे मी घरी येऊन वाचलं. तिथं बसून काही सुचलं नाही. कन्नड बोलायला मला अडचण नाही, निम्मी गिऱ्हाइकं कन्नड आहेत. पण तक्रार कन्नडमध्ये लिहून आणा म्हटल्यावर शेजारच्या मास्तरांचे पाय धरले. ‘बुटका लोहार’ याला कन्नडमध्ये काय म्हणायचं यावर आमचा अर्धा तास गेला.

कन्नडमधून नेली, तर म्हणाले, पैसे गेलेलं खातं महाराष्ट्रातलं, तिकडं द्या. कोल्हापूरला गेलो. एसटीचे पैसे, एक दिवसाचा धंदा, दोन्ही पाण्यात. तिथं म्हणाले, पैसे बेळगावातून गेले, तिकडं द्या. सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, माझे 40,498 पण त्यातच टाकावेत का? हद्द कुठलीही असो, तक्रार कुठल्याही ठाण्यात घ्यावीच लागते. 1 जुलै 2024 पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेचं 173 कलम. झिरो एफआयआर म्हणतात. छापून खिशात ठेवा, तोंडी कुणी ऐकत नाही. बँकेनं तर एका ओळीत वाटेला लावलं: पिन तुम्हीच टाकलात. गोठवलेले 2,310 सुटायलासुद्धा कोर्टाचा कागद आणा म्हणाले.

आणखी एक. भांडायच्या आधी सगळ्या गप्पांचे स्क्रीनशॉट काढा. मी आधी आईमाई उद्धारली, त्यानं पाच मिनिटांत सगळे मेसेज पुसले. ‘पुढची रान’सुद्धा गेली. पुराव्याला माझ्याकडं उरली ती फक्त माझी दुरुस्ती: अरे, पुढचा खांदा रे.

आम्ही गल्लीतलं दुकान पुन्हा उघडलंय. गेल्या पंधरवड्यात पुतण्याला एक नवीन पात्र भेटलं, वीणा वाजवत फिरणारं. म्हणालं, आमचंही कराडला घरचं मटणाचं दुकान आहे. पोरगं माझ्यापेक्षा हुशार. विचारलं, “रान पुढची की मागची?”

उत्तर आलं, “दोन्ही आहेत दादा, कुठली देऊ?”

त्याचा स्क्रीनशॉट काढून आधीच्या तक्रारीला जोडायला दिलाय. पोर्टलवर अजून तेच दिसतं: अंडर प्रोसेस.