लातुरात 6 पॅनलवर 11 महिने

मागच्या दसऱ्याला गच्चीवर पॅनल चढले, परवा पोळा झाला. आता बोलण्याइतका हिशोब हातात आहे.

सोलारवाला आला तो 10 पॅनलचा आकडा घेऊनच. त्याने बघितलं होतं फक्त मे महिन्याचं बिल: 450 युनिट, दोन कूलर रात्रंदिवस. मी बारा महिन्यांची बिलं काढली. बेरीज 3,660, म्हणजे रोजचे 10 युनिट. आपल्याकडे एक किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला 4 युनिटच्या आसपास देतं. म्हणजे अडीच किलोवॅट, 540 वॅटचे 5 पॅनल. सहावा बायकोच्या इंडक्शन शेगडीसाठी घेतला. तसंही केंद्राची सबसिडी 3 किलोवॅटला 78,000 वर थांबते. पुढे कितीही बसवा, रुपया वाढत नाही.

ऊन कडक तेवढी वीज जास्त, हा माझा समज मे महिन्यात मोडला. मार्चमध्ये रोज 15 युनिट मिळायचे, पारा 42 वर गेला तर 13. पॅनल तापलं की उत्पादन घटतं. जुलैच्या आभाळात 8 वर आलं. डिसेंबरात 11.

वापरून उरलेली वीज वीज कंपनीच्या लाईनवर जाते आणि ते शिल्लक युनिट पुढच्या महिन्याच्या बिलात वळते होतात, पण 31 मार्चला खातं मिटतं, उरलेल्याचे पैसे किरकोळ मिळतात. म्हणजे हिवाळ्यात साठवलेलं नेमकं कूलर लागायच्या तोंडावर संपतं! 10 पॅनल बसवले असते तर हेच जास्त झालं असतं. मे महिन्यात 45 युनिटचे पैसे भरले, मला ते परवडलं.

चूक एक झाली. पाण्याच्या टाकीची सावली दुपारी चारनंतर एका पॅनलवर यायची आणि सगळ्या रांगेचंच उत्पादन पडायचं. शेवटी टाकीच हलवली.

धुण्याचं म्हणाल तर बोअरच्या पाण्याने क्षारांचे पांढरे डाग पडतात. आता पंधरा दिवसांनी पहाटे, बादलीभर साध्या पाण्याने आणि ओल्या फडक्याने. 2016 ला रेल्वेने पाणी आलेल्या गावात पाइप लावून पॅनल धुवायला हात धजत नाही.

आणि लाईट गेली की हे सोलारही बंद पडतं, लाईनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून. बाहेर लख्ख ऊन, घरात पंखा थांबलेला. शेजारच्या काकांना हे अजून पटत नाही. जुना इन्व्हर्टर आणि बॅटरी भंगारात दिली नव्हती, ते बरं झालं.