सोलापूरहून समुद्रावर जायचं तर मालवण की अलिबाग?

अंतर बघून हा निर्णय होत नाही, कारण सोलापूरहून दोन्ही गावं साधारण 400 किलोमीटरवर आहेत. फरक पडतो तो वाटेत, पाण्यात आणि किल्ल्यावर पोचण्याच्या पद्धतीत.

गाडी नसेल तर सरळ अलिबाग. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री सुटते आणि सकाळी सीएसएमटीला पोचवते. तिथून गेटवे दोन-अडीच किलोमीटर. लाँच तासाभरात मांडव्याला लागते आणि पुढची अलिबागची बस त्याच तिकिटात देणारे लाँचवालेही आहेत. मालवणला रेल्वे जात नाही. कुडाळ स्टेशन त्यातल्या त्यात जवळ, पण सोलापूरकरांना ते आडवाटेचं. एसटीने कोल्हापूर गाठून गाडी बदलायची म्हटलं की एक अख्खा दिवस गेला.

स्वतःची गाडी आणि तीन मुक्काम हाताशी असतील तर मात्र मालवणच. मंगळवेढा, सांगोला, मिरजवरून कोल्हापूर, पुढे राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, कसाल. नऊ-दहा तास धरा आणि घाट उजेडात उतरा. अलिबागच्या रस्त्यावर शनिवारी सकाळी द्रुतगती मार्ग आणि वडखळ तुंबतात, कारण मुंबई-पुण्याची गर्दी त्याच वेळी बाहेर पडते.

पाण्यात उतरायचं असेल तर दोघांची तुलनाच नको. अलिबागचं पाणी गढूळ आणि वाळू काळपट. नागाव, वरसोलीला बनाना राइड, पॅरासेलिंग होतं, तेवढंच. मालवण-तारकर्लीला स्कूबा, म्हणजे हवेची टाकी लावून पाण्याखाली उतरणं, होतं. पाणी सर्वांत नितळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. गड्ड्याची जत्रा आटोपून जानेवारीच्या शेवटी निघालात तर उत्तम. मेअखेर ते ऑगस्टअखेर जलक्रीडा बंद असतात, म्हणून उन्हाळी सुट्टीतला बेत मेच्या पहिल्या पंधरवड्यातच बसवा.

पहिल्यांदा स्कूबा करणाऱ्यांचं बहुतेक कानांवर अडतं. खाली जाताना पाण्याचा दाब वाढतो. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकायचं, तेही कान दुखायच्या आधी. सर्दी असेल तर कान आणि घसा जोडणारी नळी बंद असते, दाब समतोल होत नाही आणि कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते. त्या दिवशी स्कूबा रद्दच करा. दमा, हृदयविकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: स्कूबा परतीच्या दिवशी ठेवू नका. पाण्याखालच्या दाबामुळे रक्तात मिसळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो, आणि घरी येताना तर घाट चढायचा असतो, तिथे हवेचा दाब कमी. विमानासाठी एका स्कूबानंतर किमान 12 तास थांबायला सांगतात; घाटासाठीही तेवढं अंतर ठेवलेलं बरं.

किल्ल्यांचं पारडं जवळजवळ समान आहे. मालवणच्या सिंधुदुर्गची पायाभरणी 1664 ची. शिवराजेश्वराचं मंदिर, महाराजांच्या हातापायाचे ठसे, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, हे सारं कुरटे बेटावर. 2025 मध्ये तो जागतिक वारशाच्या यादीतही गेला. होडीवाले आत साधारण तासभरच देतात. तटबंदी सुमारे तीन किलोमीटर, त्यामुळे पहिली होडी पकडा आणि जास्त वेळ हवा हे जेट्टीवरच ठरवून घ्या.

अलिबागचा कुलाबा ओहोटीला चालत गाठता येतो; मुलांना हे फार आवडतं. मोठमोठे चिरे चुना न भरता रचलेत, म्हणून लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर ओसरतो. वेळ मात्र पंचांगावरून काढा. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ मिळते, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. चतुर्थीला भरती तीनला, ओहोटी सकाळी नऊला. द्वितीया ते पंचमी हे दिवस सोयीचे. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते, पण तेव्हा भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी, असल्याने पाणी पुरतं हटत नाही. नेमकी वेळ त्या दिवशीच्या तक्त्यावरून पक्की करा. ओहोटीच्या तासभर आधी आत शिरा आणि ओहोटीची वेळ उलटल्यावर तासाभरात परत फिरा; उशीर झाला की आतच अडकायला होतं. दगडांवर शेवाळ आणि धारदार कालवं असतात, पट्ट्याच्या सँडल घाला.

जंजिरा करायचा तर अलिबागहून मुरुड 50 किलोमीटर, पुढे राजपुरीहून होडी. हलत्या होडीतून चढउतार करावी लागू शकते. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना आधी विचारा. पावसाळ्यात तो बंदच असतो.

जेवणात मालवणला सुरमई, बांगडा, कोंबडी-वडे, सोलकढी. शाकाहारी असाल तर राहण्याच्या घरी आदल्या दिवशीच सांगा, म्हणजे काळ्या वाटाण्याची उसळ आणि घावणे मिळतात. थंडीत अलिबागकडे गेलात तर पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, सोडू नका. तीही आधी सांगितली तरच लावतात.