एलएमई४: काही महिन्यांच्या वापरानंतर, विशेषतः ‘पी’च्या रकान्याविषयी

विभागातील सशुल्क सांख्यिकी सॉफ्टवेअरचा वार्षिक परवाना संपला, नूतनीकरणाचा आकडा पाहून वरिष्ठांनी फाईल मिटली, आणि मधुमेही रुग्णांच्या एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) नोंदींचे काम ‘आर’ या सांख्यिकी संगणकभाषेतील एलएमई४ या विनामूल्य पॅकेजवर आणावे लागले. एकाच रुग्णाच्या पुन्हापुन्हा घेतलेल्या नोंदींसाठी ते मिश्र-परिणाम मॉडेल (मिक्स्ड मॉडेल) बसवते.

इंदुरात देवास, धार, खरगोनकडून येणाऱ्या रुग्णाला तीन महिन्यांनी बोलावले, तर तो सोयाबीनची काढणी आटोपून पाचव्या-सहाव्या महिन्यात उगवतो. रिपीटेड मेझर्स अनोव्हात (अशा नोंदींची जुनी, रूढ पद्धत) एक तपासणी चुकली की तो रुग्णच गळत असे. येथे त्याच्या उरलेल्या नोंदी कामी येतात आणि प्रत्येकाची आरंभपातळी व उतार (काळानुसार बदलाचा वेग) वेगळा धरता येतो. यासाठी पूर्ण गुण. (साखर वाढल्यामुळेच जो यायचा थांबला, त्याची उणीव मात्र कोणतेही पॅकेज आपोआप भरून काढत नाही.)

आता मुख्य तक्रार. निकालाच्या तक्त्यात ‘टी’ (परिणाम भागिले त्याची प्रमाणत्रुटी) आहे, ‘पी’ (प्रत्यक्षात परिणाम नसतानाही एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची संभाव्यता) नाही. असंतुलित नोंदींत स्वातंत्र्यमात्रा (‘टी’वरून ‘पी’ काढण्यासाठी लागणारा आकडा, डिग्रीज ऑफ फ्रीडम) नेमक्या किती धरायच्या याला निर्विवाद उत्तर नाही, म्हणून पॅकेजचे एक कर्ते डग्लस बेट्स यांनी तो रकाना जाणूनबुजून ठेवला नाही. कारण पटण्यासारखे आहे. पण शोधनिबंधाच्या परीक्षकांना ते कोणी समजवायचे? शेवटी एलएमईआरटेस्ट हे पूरक पॅकेज जोडावे लागते. मग मॉडेल बसवणारे तेच एलएमईआर फंक्शन सॅटर्थवेट पद्धतीने (स्वातंत्र्यमात्रांचा अंदाज बांधून) ‘पी’ छापते.

आरंभी मला हा निव्वळ हट्ट वाटत होता. हे मत आता निम्मे बदलले आहे, कारण रकानाच नसल्यामुळे विश्वासांतराळ (कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे परिणामाच्या अंदाजाचा पल्ला) पाहण्याची सवय लागली आणि औषधाने एचबीए१सी किती उतरले हा प्रश्न आपोआप पुढे आला. उरलेले निम्मे मत कायम आहे: हवा त्याने मागावा असा पर्याय मूळ पॅकेजमध्येच देता आला असता.

कन्व्हर्जन्सच्या (गणित उत्तरावर नीट स्थिरावले नसावे अशा) इशाऱ्यांचा बाऊ करू नये. वेळ दिवसांऐवजी वर्षांत दिली की ते बहुधा थांबतात. न थांबल्यास पॅकेजमधील ऑलफिट फंक्शनने निरनिराळे ऑप्टिमायझर (उत्तर शोधण्याच्या गणिती पद्धती) लावून उत्तरे जुळतात का ते पाहावे.

त्याहून मोठी उणीव अशी, की एकाच रुग्णाच्या जवळजवळच्या नोंदींतील उरलेला सहसंबंध (एक नोंद अपेक्षेहून वर असली की लगतचीही वर असण्याचा कल) एलएमईआर फंक्शनमध्ये मांडता येत नाही. त्यासाठी ‘आर’सोबतच येणाऱ्या जुन्या एनएलएमई पॅकेजकडे वळावे लागते, तेथील कॉरकार१ ही सहसंबंध-रचना दोन तपासण्यांतील अंतर वाढेल तसा सहसंबंध घटवते आणि विषम अंतरेही चालवून घेते. एका कामासाठी तीन पॅकेजे बाळगावी लागतात. तिन्ही फुकट आहेत, म्हणून एवढ्यावर थांबतो.