उजनीतल्या बोटीची बॅटरी: ब्लूटूथ व्होल्टमीटर की शंट मॉनिटर?

उजनीच्या फुगवट्यात पक्षी दाखवायला नेणाऱ्या बोटीवर इलेक्ट्रिक मोटर असेल, तर बॅटरीत किती चार्ज उरला हे काठ सोडण्यापूर्वीच कळायला हवं. मोबाईलवर ते दाखवणारे दोन मार्ग आहेत.

ब्लूटूथ व्होल्टमीटर स्वस्त. दोन वायरी बॅटरीच्या टोकांना जोडल्या की काम झालं. पण तो फक्त व्होल्टेज मोजतो आणि त्यावरून टक्केवारीचा अंदाज बांधतो. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी काही तास विसावलेली असेल तर १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. मोटर चालू केली की आकडा लगेच खाली येतो, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच तो फसवा. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत तर पंचाईतच, कारण बराचसा चार्ज संपेपर्यंत व्होल्टेज १३ च्या आसपासच राहतं.

शंट मॉनिटरमधला शंट, म्हणजे विजेचा प्रवाह मोजण्यासाठीचा धातूचा छोटा तुकडा, निगेटिव्ह केबलमध्ये बसतो आणि आत-बाहेर जाणारा प्रत्येक अँपिअर मोजतो, पाणपोईच्या रांजणात किती घागरी ओतल्या, किती काढल्या याचा हिशेब ठेवावा तसा. बसवताना एक गोष्ट पाळाच: मोटर, दिवे, चार्जर, सगळ्यांची निगेटिव्ह वायर शंटच्या पलीकडे जोडायची. एक जरी थेट बॅटरीला राहिली तरी हिशेब चुकतो. बॅटरीची क्षमता ॲपमध्ये भरावी लागते, आणि अधूनमधून पूर्ण चार्ज करावा लागतो.

ब्लूटूथचा पल्ला दोन्हींचा तोकडाच. गावात बसून घाटावरच्या बोटीची बॅटरी मोबाईलवर दिसणार नाही.

प्रवासी बसवत असाल तर शंटच घ्या. फक्त इंजिन सुरू करायच्या बॅटरीला व्होल्टमीटर पुरे.