कोपऱ्यावरचं मेडिकल : ५ पैकी ४ स्टार

पाचवा स्टार कापला कारण सुट्टे पैसे यांच्याकडे कधीच नसतात, तीन रुपयांच्या बदल्यात चॉकलेटं हातात ठेवतात. पण काउंटरवरच्या ताई म्हणजे सोनं आहे.

झालं असं, आमचे आप्पा, वय ७९, सर्दीने बेजार होते म्हणून मी दुसऱ्याच दुकानातून चिठ्ठीशिवाय सर्दीच्या गोळ्या आणल्या (माझीच अक्कल). तिसऱ्या रात्री बघतो तर आप्पा चादरीवरून काहीतरी चिमटीत धरून खाली टाकतायत, म्हणे मुंग्या झाल्यात, आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून आईला म्हणतात, अगं दादा आलेत, चहा टाक. दादांना जाऊन ११ वर्षं झाली. आई रडकुंडीला, शेजारच्या काकूंनी तर म्हातारचळ म्हणून निकालच लावला.

सकाळी बीपीची गोळी घ्यायला गेलो तेव्हा ताईंना सहज बोललो तर म्हणाल्या, घरात असतील नसतील त्या सगळ्या स्ट्रिपा घेऊन या. मागची बारीक अक्षरं वाचून तीन बाजूला काढल्या. लघवीसाठीची ऑक्सिब्युटिनिन, पायांच्या आगीसाठी रात्रीची अमिट्रिप्टिलिन आणि मी आणलेल्या गोळीतलं क्लोरफेनिरामाइन. दोन डॉक्टर वेगवेगळे आणि तिसरा डॉक्टर मी! तिन्ही औषधं मेंदूतल्या ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाचं काम अडवतात, लक्ष आणि आठवण त्यावरच चालते आणि म्हातारपणी ते आधीच कमी पडत असतं. धोतऱ्याचं बी पोटात गेलं की माणूस बरळतो ना, तसंच हे, म्हणाल्या, त्यातलं ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन हेच करतं. एलएसडीवाल्याला बऱ्याचदा कळत तरी असतं की हे नशेमुळे दिसतंय, इथे माणसाला मुंग्या खऱ्याच वाटतात, म्हणूनच समजवायला गेलं की आप्पा खवळायचे.

मग विचारलं, तोंड कोरडं पडतंय का, पोट साफ होतं का, लघवी अडते का. तिन्हीला हो. लगेच डॉक्टरांना फोन करा, जुन्या गोळ्या मनाने बंद करू नका असं बजावलं, गिऱ्हाईकं खोळंबली होती तरी. डॉक्टरांनी सर्दीची आणि लघवीची गोळी बंद केली, चार दिवसांत आप्पा पेपर वाचायला लागले, दादांचं काहीच आठवत नाही त्यांना.

दुपारी २ ते ५ बंद असतं, पार्किंग नाही, आणि येताना सुट्टे घेऊन या.